नव्या स्मोकरवर मांस कडू होतंय? आधी पेटलेले कोळसे मोजा

आमटीला धुराचा वास लागला की आपण ती "धुरकटली" म्हणतो आणि बाजूला सारतो. धुरकट हा शब्द मराठीत कौतुकाने वापरलेला मी तरी ऐकला नाही. टेक्सासात मात्र तोच धूर मांसाला लागावा म्हणून माणसं पहाटे चारला उठून विस्तव पेटवतात. ह्यूस्टनला आल्यावर नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या हातचं खाल्लं आणि गेल्या मार्चमध्ये स्वतःचा स्मोकर आणला. उभा, नळकांड्यासारखा, अठरा इंच व्यासाचा, कोळशावर चालणारा. तळाला कोळशाचं कडं, मध्ये पाण्याची परात, वर दोन जाळ्या आणि घुमटासारखं झाकण. पहिल्या तीन खेपांना त्यातून जे निघालं ते आमटीच्या अर्थानेच धुरकटलेलं होतं.

तक्रार दर वेळी सारखी. मांस बाहेरून काळं आणि बोटाला चिकटणारं, चव कडवट, आणि दोन घास खाल्ले की जिभेचं टोक लवंग चावल्यासारखं बधिर. जोडीला दुसरी कटकट तापमानाची. धरायचं 225 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 107 सेल्सिअसला, आणि काटा पोचायचा 340 वर. हवा कमी करावी तर धूर दाट व्हायचा आणि तासाभरात विस्तव विझायला यायचा. या दोन वेगळ्या अडचणी आहेत असं समजून मी वेगवेगळे उपाय करत बसले. अडचण एकच होती. तुमचंही असंच होत असेल तर लाकूड बदलायच्या आणि मसाला बदलायच्या आधी सुरुवातीला किती कोळसे पेटवता ते मोजा.

माझ्या तीन खेपा

पहिल्या रविवारी कोंबडीचे लेग पीस घेतले. कोळसा पेटवायची पत्र्याची चिमणी मिळते, तिच्या बुडाशी कागद पेटवला की पंधरा-वीस मिनिटांत कोळसे लाल होतात. मी ती काठोकाठ भरली, शंभरेक ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) पेटवले आणि सगळे कड्यात ओतले. ग्रिलवर तसंच करतात, म्हणून इथेही तसंच. वर हिकरीच्या लाकडाचे पाण्यात भिजवलेले तुकडे ओंजळभर टाकले. बघता बघता काटा 350 च्या पुढे. घाबरून खालची तिन्ही भोकं जवळजवळ बंद केली आणि झाकणावरचंही अर्धं, कारण माझा हिशोब असा की धूर आत कोंडला तर चव जास्त लागेल. त्यानंतर जो धूर निघाला तो पावसाळ्यात नगरपालिकेची डासांची गाडी गल्लीतून जाते तसा. शेजारच्यांनी कुंपणावरून विचारलं, सगळं ठीक आहे ना? कोंबडी शिजली होती. मुलाने एक घास घेतला आणि वरण-भात मागितला.

दुसऱ्या वेळी डुकराचा खांदा आणला. इथे त्याला पोर्क बट म्हणतात, नावावर जाऊ नका. लाकूड निम्मं केलं, मसाला बदलला, कोळसे मात्र तेवढेच. कडवटपणा थोडा उतरला, गेला नाही.

तिसऱ्या वेळी तासगावहून सासूबाई आलेल्या. मागच्या दारात खुर्ची टाकून त्या अर्धा तास गप्प बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, हे पेटलेलं नाही, नुसतं धुमसतंय. जळण ओलं आहे का?"

मी म्हटलं, "आई, मीच भिजवलंय. पाकिटावर तसं लिहिलंय."

"जळण भिजवतं का कुणी?" एवढं बोलून त्या उठल्या. फुंकणी नव्हती, म्हणून खालची भोकं सताड उघडली आणि पुठ्ठ्याने वारा घालायला लागल्या. दहा मिनिटांत पांढरा धूर गेला. झाकणावरच्या भोकातून फक्त हवा थरथरताना दिसायला लागली. त्या समाधानाने आत गेल्या आणि काटा 360 वर गेला.

चूल असती तर काही बिघडलं नसतं. जाळ वाढला की लाकूड मागे ओढायचं, नाहीतर भांडं उतरवायचं. पण स्मोकर म्हणजे चूल नव्हे, चुलीचा वैल. पुढच्या जाळावर भाकरी होते आणि वैलावर उरलेल्या उष्णतेत आमटी तासभर मुरत बसते. इथे मला वैल हवा होता आणि मी चूलच पेटवून ठेवली होती. सासूबाईंचं निदान बरोबर होतं, आगीला हवा कमी पडत होती. फक्त हवा का कमी पडत होती ते उरलं होतं. ती कमी पडत होती कारण शंभर पेटलेल्या कोळशांना लागेल तेवढी हवा दिली की तापमान पळायचं, म्हणून मीच त्यांचा गळा दाबत होते.

धूर कडू का होतो

कोळशाचा स्वतःचा धूर फारसा नसतो, कारण लाकडातलं धूर करणारं बहुतेक सगळं कोळसा बनतानाच निघून गेलेलं असतं. चवीचा धूर येतो तो वर ठेवलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात. भरपूर हवा मिळाली तर ते नीट जळतात आणि मागे विरळ, निळसर धूर राहतो. हवा तुटली तर ते अर्धवट जळतात आणि काजळीबरोबर डांबरासारखे थेंब तयार होतात. त्या चिकट्याला इथे क्रिओसोट म्हणतात. तो थंड मांसावर जाऊन बसतो, आणि तोच बोटाला चिकटतो नि जिभेला कडू लागतो.

धुराचा रंग म्हणूनच थर्मामीटरइतका खरा. थेंब मोठे असले की सगळा प्रकाश विखुरतो आणि धूर पांढरा दिसतो. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक असले की निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि धुराला निळी झाक येते. ग्वायकॉल, सिरिंगॉल ही ज्यांच्यामुळे धुराचा वास हवाहवासा होतो ती रसायनं लाकडातल्या लिग्निनपासून येतात आणि त्या विरळ धुरातही असतात. डोळ्यांना धूर दिसला नाही तरी मांसाला लागतोय. यावर विश्वास ठेवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

उपाय: आग लहान, पण मोकळी

अमेरिकेत या स्मोकरवाल्यांमध्ये मिनियन पद्धत म्हणून एक रीत आहे. जिम मिनियन नावाच्या बार्बेक्यू स्पर्धकाच्या नावावरून ती ओळखली जाते. कड्यात न पेटलेले कोळसे काठापर्यंत भरायचे, मधोमध वाटीएवढा खड्डा करायचा आणि त्यात मोजून थोडेच पेटलेले कोळसे ओतायचे. ते शेजारच्यांना हळूहळू पेटवत जातात, एखाद्या मोठ्या उदबत्तीसारखे. कुठल्याही क्षणी जळत असतात ते थोडेच कोळसे, म्हणून त्यांना पोटभर हवा देता येते.

माझ्या अठरा इंची स्मोकरला पंधरा ब्रिकेट पुरतात. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये स्मोकरचा पत्राच उन्हाने हाताला बसत नाही, तेव्हा बारा. चिमणीतले कोळसे राखेने पांढरे झाल्यावरच ओतायचे, नाहीतर पेट घेणाऱ्या ब्रिकेटचाही एक कुबट धूर असतो. काडी लावताच पेटणारे, आधीच रॉकेलसारखं काहीतरी मुरवलेले कोळसे मिळतात, ते या पद्धतीत अजिबात नकोत. न पेटलेले कोळसे मांस वर असताना पेटणार आहेत आणि तो वास थेट जेवणात येणार आहे.

झाकणावरचं भोक कायम पूर्ण उघडं. याला अपवाद नाही. गरम हवा वरून निघून गेली तरच खालून ताजी आत येते. धुराडं बुजवलं तर कुठली चूल जळते? तापमान सांभाळायचं ते फक्त खालच्या भोकांनी, आणि तेही चढताना. पत्रा, पाणी, जाळ्या सगळं तापलेलं असतं, त्यामुळे 260 ला गेलेलं तापमान खाली आणायला तास लागतो. काटा 190 ला आला की मी खालची दोन भोकं बंद करते आणि तिसरं पाव उघडं ठेवते. तो आपोआप 230-240 च्या आसपास येऊन बसतो. भोक हलवलं की वीस मिनिटं काही करायचं नाही. सुरुवातीला मी दर पाच मिनिटांनी हलवायचे आणि तापमान झोपाळ्यासारखं वरखाली व्हायचं. थंड मांस ठेवल्यावर काटा पडतो, त्याकडेही दुर्लक्ष करा. 225 ते 265 मध्ये कुठेही राहिला तर खांद्याला काहीही फरक पडत नाही.

चौथ्या खेपेला एवढा एकच बदल केला. तेच मांस, तोच मसाला. कडवटपणा गेला.

तरीही तापमान पळत असेल तर

पंधराच कोळसे पेटवूनही काटा वर जात असेल, तर हवा तुम्ही ठेवलेल्या भोकांतून येत नाहीये, दुसरीकडून येतेय. नव्या स्मोकरचं बाजूचं पत्र्याचं दार क्वचितच नीट बसतं. माझ्या दारात वरच्या कोपऱ्याला नाणं जाईल एवढी फट होती. तपासायला उदबत्ती घ्या. विस्तव पेटलेला असताना ती दाराच्या कडेने आणि खालच्या सांध्यावरून फिरवा. जिथे उदबत्तीचा धूर आत ओढला जातो तिथे गळती आहे. वरच्या भागातून धूर बाहेर येत असेल तर मी मनावर घेत नाही. आगीच्या पातळीला हवा आत जाणं हे खरं दुखणं. दार गार असताना गुडघ्यावर घेऊन हाताने थोडं वाकवलं आणि अर्धं काम झालं. उरलेल्या फटीला उष्णता सोसणारी चिकटपट्टी मिळते. पाच-सहा वेळा वापरल्यावर चरबी आणि काजळी बसून फटी आपोआपही बुजतात, म्हणून जुना स्मोकर नव्यापेक्षा शहाण्यासारखा वागतो.

मग थर्मामीटर. झाकणावरच्या गोल काट्यावर मी दोन महिने विश्वास ठेवला. शेवटी तो काढून उकळत्या पाण्यात धरला. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे 212 दाखवायला हवं होतं. दाखवलं 178. म्हणजे मी 240 समजून 270 च्या वर शिजवत होते. तुम्ही डेन्व्हरसारख्या उंचावर राहत असाल तर पाणी 202 च्या आसपासच उकळतं, तेवढा हिशोब धरा, किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात 32 येतं का बघा. आता मी जाळीवर ठेवायचा डिजिटल थर्मामीटर वापरते. या सगळ्या उद्योगात स्मोकरनंतर पैसे घालावेत अशी हीच एक वस्तू.

पाण्याची परात शोभेची नाही. पाणी 212 च्या वर तापत नाही, म्हणून ते जादा उष्णता शोषत राहतं. परात आटली की हा लगाम सुटतो. एकदा रात्री अकराला खांदा लावून झोपले आणि पहाटे तीनला अलार्म वाजला, काटा 310. परातीत फक्त तूप उरलं होतं, म्हणजे डुकराचं. आता झोपण्यापूर्वी गरम पाणी ओतते. गार ओतलं तर काटा धाडकन पडतो आणि आगीतून फुफाट्यात.

तापमान उलट पडत असेल, पाच-सहा तासांनी विस्तव मंदावत असेल, तर बहुधा राख साचून खालची हवा अडलेली असते. स्मोकरच्या पायांना हलकेच ठोका किंवा दारातून सळईने कोळसे ढवळा. दुसरं कारण इथल्या हवेतला दमटपणा. कोळशाची फोडलेली पिशवी गॅरेजमध्ये तशीच ठेवली तर कोळसे ओल धरतात, मग पेटायला कुरकुरतात आणि धूर करतात. मी झाकणाच्या बादलीत ठेवते.

लाकडाबद्दल थोडं

भिजवू नका. लाकूड पाणी फारसं पीत नाही. वरचं वर ओलं होतं आणि ते वाळेपर्यंत वाफ नि धुमसणं. चिपांपेक्षा मुठीएवढे कोरडे तुकडे बरे, खांद्यासाठी तीन-चार पुरे. कोळशात पुरून ठेवा म्हणजे एकेक करून पेटतील. मध्य टेक्सासात पोस्ट ओक वापरतात, माझ्याकडे पिकॅन जास्त असतं कारण ओळखीच्यांच्या अंगणातलं झाड पडलं. पहिले सहा महिने मेस्कीटच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे माळावर माजलेली वेडी बाभूळ याच मेस्कीटच्या कुळातली. जाळ कडक, धूर त्याहून कडक. चुकीला माफी नाही. रंगवलेलं किंवा बांधकामातलं लाकूड तर नकोच.

अडकलेला काटा: हा बिघाड नाही

बरेच जण इथे घाबरून सगळं बिघडवतात, मीही बिघडवलं. खांद्याच्या आतलं तापमान चार तास भराभर चढतं आणि 155-160 ला येऊन जे थांबतं ते तीन-तीन तास हलत नाही. मला वाटलं आग मेली. भोकं उघडली, बाहेरचा भाग चामड्यासारखा झाला.

मातीच्या माठातलं पाणी गार का राहतं, तेच हे. मांसातून झिरपलेला ओलावा पृष्ठभागावरून उडत असतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. आग जेवढं देते तेवढं बाष्पीभवन काढून घेतं. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने ओला स्पंज आणि चरबीचा गोळा दोन्ही तापवून पाहिले. स्पंज अडकला, चरबी अडकली नाही. ओलावा संपत आला की काटा पुन्हा चालू लागतो. वाट बघायची नसेल तर मांस फॉइलमध्ये किंवा खाटकाच्या जाड कागदात घट्ट गुंडाळा, म्हणजे उडायला वाटच राहत नाही. याला टेक्सासची कुबडी म्हणतात. मी 165 ला कागदात गुंडाळते. फॉइलमध्ये लवकर होतं, पण वरची खरपूड भिजून जाते आणि मला तीच आवडते.

खांदा 145 ला, म्हणजे 63 सेल्सिअसला, तीन मिनिटं ठेवला की खायला सुरक्षित असं अमेरिकी कृषी खातं सांगतं. पण त्या तापमानाला तो चावता येत नाही. त्यातलं कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, विरघळून जिलेटिन व्हायला 195 ते 205 पर्यंत जावं लागतं. सुरी लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं, आकडा काहीही असो. कोंबडीचं उलट. तिला 165 च्या खाली उतरवायचं नाही, आणि तिच्यात विरघळवण्यासारखं फार काही नसल्याने 225 वर रेंगाळत ठेवण्यात अर्थ नाही. कातडी रबरासारखी होते. खालची भोकं उघडून 300-325 वर करा. माझी पहिली कोंबडी बिघडली त्याचं अर्धं कारण धूर, अर्धं हे की सुरुवातीला कोंबडी घ्यायलाच नको होती. धूर ती चटकन पकडते. खांदा भोळा आहे, बऱ्याच चुका पोटात घालतो.

ब्रिस्केटचं, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाचं, मी काही सांगत नाही, आमच्या घरी गोमांस खात नाहीत. टेक्सासात हे सांगितलं की लोक सहानुभूतीने बघतात.

एक गोष्ट पाहुण्यांसाठी. कापल्यावर कडेला गुलाबी पट्टी दिसेल. सासूबाईंनी ताट परत पाठवलं, "आतून कच्चं आहे." आत 203 होतं. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनला धरून बसतात, म्हणून तो रंग शिजल्यावरही जात नाही. थर्मामीटर दाखवल्यावर त्यांनी खाल्लं, पण कडेचं सोडून. आणि कार्बन मोनॉक्साइडचा विषय निघालाच आहे तर: पाऊस आला म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये ओढू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

काम झालं की वरखालची सगळी भोकं बंद करा. हवा तुटली की तासा-दोन तासांत विस्तव विझतो आणि निम्मे-अधिक कोळसे शाबूत राहतात. दुसऱ्या दिवशी ते झटकून राख वेगळी करा, पुढच्या वेळी नव्या कोळशांत मिसळून वापरा. राख पूर्ण गार झाल्यावरच कचऱ्यात. सासूबाईंनी ती भांडी घासायला डबाभर बाजूला काढली होती, पण ब्रिकेटमध्ये कोळशाबरोबर चुनखडी, स्टार्च असं काय काय असतं, ती चुलीची राख नव्हे. निव्वळ लाकडाचा कोळसा आणेन तेव्हा तुमच्यासाठी राखून ठेवते, असं सांगून तो डबा मी रिकामा केला.